पितळ तरी घ्यायचंस

जर्मन घेतली, असं फोनवर सांगितलं तेव्हा
आई दोन क्षण थांबून म्हणाली,
एवढे पैसे घालून जर्मन?
पितळ तरी घ्यायचंस.
तिच्या लेखी जर्मन म्हणजे दूध तापवायचं पातेलं,
बुडाला पोचा, कडेला सांडशीचे ओरखडे.

दाराचा आवाज ऐकून घेतली होती मी ती.
खोटं कशाला बोलू.
माहितीपत्रक नवऱ्याने वाचलं, मी नुसतं दार लावलं.
ठप्प.
भरली गोणी ओट्यावर ठेवावी तसं,
आणि अख्खा चेंबूर नाका बाहेर राहिला.

रात्री तीनला लेबर रूममधून फोन यायचा.
फ्रीवेवर स्टीअरिंगला वजन असायचं,
रस्त्याची खबर तळहातात.
वडाळ्याच्या वळणावर ती जमीन अशी धरायची
की माझगावला पोहोचेपर्यंत
माझा हात सुईणीचा झालेला असायचा.

चौथ्या वर्षी एका सकाळी
पार्किंगमध्ये ती खाली बसलेली दिसली,
पुढचे गुडघे टेकून, म्हैस बसते तशी.
हवेचं सस्पेन्शन. तीन लाख ऐंशी हजार.
पार्ट तिकडून यायला एकवीस दिवस,
त्यात माझी सात बाळंतपणं,
एक तर दूधवाल्याच्या टेम्पोतून जाऊन केलेलं.
कुर्ल्याचा मुस्तकीम बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला,
मॅडम, ही बिघडत नाही. रुसते.
मी म्हटलं, रुसायला मला घरात माणसं आहेत.

आता पाच वर्षं जपानी आहे.
हिच्याबद्दल सांगावं असं काही घडतच नाही.
तेल, फिल्टर, वायपरचं रबर,
किल्लीतला एक सेल.
आपण चालू झालो, हे तिला
हिरव्या अक्षरांत लिहून कळवावं लागतं.
खाली झोपलेल्या मांजरालाही पत्ता लागत नाही,
म्हणून निघण्याआधी मी बॉनेटवर दोनदा टकटक करते.
खड्डा ती आपल्याआपण गिळते.
पहाटे तीनला सोसायटीत एकही दिवा लागत नाही.
नावातच जप आहे तिच्या. हसा खुशाल.

पण वडाळ्याच्या वळणावर हात रिकामे असतात.
पाय दाबला की शेजारच्या घरात
मिक्सर लागल्यासारखी गुणगुण
आणि गाडी पुढे, अगदी नेमकी,
जशी सून माझ्या हातातली सुरी हळूच काढून घेते
आणि कांदा माझ्यापेक्षा बारीक चिरते.

जर्मन विकली ती नालासोपाऱ्याच्या तुस्कानो केटररला.
त्याने इंजिन उघडूनसुद्धा पाहिलं नाही.
दार लावलं. उघडलं. परत लावलं.
चौथ्यांदा लावलं तेव्हा
मी किंमत कमी करायचा विचार सोडून दिला.

परवा माहीम कॉजवेच्या सिग्नलला शेजारी तीच.
नंबर माझा, डॅशबोर्डवर वेलंकणी माता,
आणि मागच्या सीटवर, जिच्या कातड्याला
मी वर्षातून दोनदा मलम चोळायची,
एकात एक बसवलेली जर्मनची पातेली,
वरचं पार छताला टेकलेलं.

मी आईला कोपराने ढोसलं.
तिचं तिकडे लक्षच नव्हतं.
कान देऊन बसली होती,
दर सिग्नलला बसते तशी.
बंद पडली का गं?
नाही आई.
मग आवाज कुठाय?

दिवा हिरवा झाला.
तुस्कानोच्या पायाखाली ती खोलवर गुरगुरली,
पातेली एकमेकांवर वाजली.

हां, म्हणाली आई,
आणि निवांत मागे टेकली.